भागीरथी गुणियाचं भिंग

रज या झोपाळ्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओडिशातल्या गावच्या वडाखाली अशी झुंबड उडाली की बाकीचे झोपाळे ओस पडले. हातातला सणाचा गोड पोडपिठा खात खात पोरीबाळी, म्हाताऱ्या सगळ्या तिकडे धावल्या. भागीरथी गुणिया, म्हणजे आमच्या गावचा मांत्रिक, डाकीण दाखवणार होता, तीही थेट डोळ्यांत!

पद्धत झकास होती. झोपाळ्याच्या दोऱ्यांना पीळ द्यायचा, फळीवर माणूस बसवायचा आणि सोडायचा. गरगर फिरून फळी थांबली की त्याच्या डोळ्यासमोर जाड भिंग धरायचं. कुणाची बुबुळं टकटक उड्या मारायची. "बघा, बया नाचतेय!" गुणिया गर्जायचा. कुणाची बुबुळं गप्प असायची. ती माणसं शुद्ध. योगायोग असा, की गुणियाकडे कोंबडा पोचवणारी घरं तेवढी शुद्ध निघत होती.

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे गावात माझा सल्ला सहसा कुणी घेत नाही. पण त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. फळीवर माझी विद्यार्थिनी कुंतला बसली होती. तिला कटकला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आदल्या दिवशी झोपाळ्यावरून उतरताना ती चक्कर येऊन पडली, आणि तिच्या आजोबांनी, आमच्याकडे म्हणतात तसं जेजेंनी, फर्मान काढलं, "डाकीण असेल तर पोर उंबरा ओलांडणार नाही."

"सात पिढ्यांची नावं सांग!" तिला फिरवता फिरवता गुणिया ओरडत होता. "आता उलटी सांग! चौथा कोण? लवकर!"

फळी थांबली, भिंग आलं. बुबुळं सपासप उडत होती.

"दोन आहेत," गुणिया गंभीरपणे म्हणाला. "थोरली फार हट्टी आहे."

जेजेंच्या हातातला विडा खाली पडला. कुंतला मात्र फळीला धरून बसूनच म्हणाली, "मास्तर, सरपंचांच्या सूनबाईंना आधी वाडगाभर पखाळ खाऊ घातला, मग अंगाई म्हणत फिरवलं, त्या शुद्ध निघाल्या. मला तेवढं परीक्षेला बसवलं. असं का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हाळ्यात पखाळ, म्हणजे आंबवलेला पाणीभात, खाऊन जागं राहिलेला माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचाय! सूनबाई खांबाला टेकून पेंगतच होत्या. त्यांना हलवून जागं केलं, फळीवर बसवलं आणि फिरवता फिरवता मी विचारलं, "माहेरची चुलतभावंडं किती? थोरल्यापासून नावं सांगा, भराभर!" भिंग धरलं. बुबुळं नाचायला लागली.

"आता गुणियाबाबा बसतील," कुंतला म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?"

"मग भिता कशाला?" बायका खिदळल्या. बिचारा बसला.

"शंभरातून सात सात वजा करा," मी म्हणालो.

"त्र्याण्णव... शहाऐंशी... अहो मास्तर, हळू!"

भिंगातून त्याचे डोळे पाहून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, इथं तर अख्खं बिऱ्हाड आहे!"

हशा ओसरल्यावर मी सांगितलं, "कानाच्या आत थोडं पाणी असतं. भांड्यात घुसळलेल्या ताकासारखं ते आपण थांबल्यावरही फिरत राहतं. मेंदूला वाटतं, अजून गिरकी चालूच आहे, म्हणून डोळे उड्या मारतात. मन जागं असेल तर जोरात, पेंगत असेल तर अगदी मंद. तुमचे, माझे, सगळ्यांचेच. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारा, एवढंच माझं मागणं आहे."

जेजेंनी काठी ठेवली आणि स्वतःच फळीवर जाऊन बसले. "मला फिरव. हळू हं."

कुंतलानं दोनच फेरे दिले आणि भिंग धरलं. "जेजे, सांगा बरं, दहा वाजता कटकला हजर व्हायचं, वाटेत साडेतीन तास. कितीची गाडी धरायची?"

म्हातारा पुटपुटत हिशेब करू लागला, आणि भिंगात त्याची बुबुळं टुणटुण उडू लागली.

"साडेसहाची," जेजे म्हणाले. "सोमवारी लवकर उठव मला. तुला सोडायला मीच येणार."