स्टेजवर दिलेली जागा

घराच्या कोपऱ्यावरचा पोपडा उडाला होता. बोटाच्या पेराएवढ्या त्या जागेत रंगाचे थर एकावर एक दिसत होते. सगळ्यात वर निळा, त्याखाली पांढरा, परत निळा, मग फिकट गुलाबी, आणि तळाशी दोन पांढरे. त्या दोन पांढऱ्यांच्या मध्ये धुराची करडी रेघ होती, म्हणजे तेही एका वेळचे नव्हते. भागीरथाने चष्मा कपाळावर सरकवला, डोळे जवळ नेले आणि पुन्हा मोजले. सहा. इकडे मातीच्या घराला वर्षातून एकदाच रंग देतात, दिवाळीच्या आधी. सहा थर म्हणजे सहा दिवाळ्या.

हे लोक गेल्या उन्हाळ्यात येऊन बसले, असं तिच्या भावाने, भैयाजीने सांगितलं होतं.

भागीरथा नाकाडे आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. चौतीस वर्षं तिने तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. एका पट्टीवर दिसलं म्हणून ती कधी लिहून टाकत नसे, दुसरी पट्टी मागवायची. तशीच ती दुसऱ्या घराच्या मागच्या भिंतीपाशी गेली. तिथेही सहा. तिसऱ्याला पाच. मग ती मोजायची थांबली.

जागा तिची होती. वडशापासून चार किलोमीटरवर, तिच्या वडिलांच्याच गावाला लागून, एका बंद पडलेल्या राइस मिलचं हे मागचं आवार. मिलचा मालक गाव सोडून गेला. शेतजमीन उद्योगाला वापरली की तहसीलला जो कर भरावा लागतो, तो त्याने कित्येक वर्षं भरला नव्हता. तहसीलने जागा लिलावात काढली. पहिल्या दोन लिलावांना कोणीच आलं नाही, कारण गावातल्या माणसाच्या जागेवर गावातला माणूस बोली बोलत नाही, मग तो माणूस गावात असो की नसो. तिसऱ्या वेळी भागीरथा एकटीच हजर होती. सरकारी क्वार्टरमध्ये दिवस काढलेल्या बाईला स्वतःच्या नावाची चार भिंतींची जागा हवी होती, इतकंच. त्याला नऊ वर्षं झाली होती.

ताबा द्यायला मंडळ अधिकारी आला तो नेमका सप्टेंबरात. तापाचे दिवस. टेबलावर पट्ट्यांचे डबे रचलेले, रजा मिळणं शक्य नव्हतं. तिने धाकट्या भावाला, भैयाजीला, अधिकारपत्र देऊन पाठवलं. तो हद्दीवरून फिरला, चारही कोपऱ्यांवर त्याने नारळ फोडले. संध्याकाळी फोनवर हसत म्हणाला होता, गावाच्या हिशेबानं आता जागा माझी झाली बाई, नारळ मी फोडला ना. इकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तीही हसली होती. सातबारावर तिचं नाव चढलं होतं आणि तिच्या मते कागदावर लिहिलेलं पुरेसं होतं.

रस्त्यावरून मिलची पत्र्याची भिंत तेवढी दिसायची. भाऊबीजेला ती घरी आली की विचारायची आणि भैयाजी सांगायचा, कुंपण शाबूत आहे, कुलूप आहे, गवत वाढलंय. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तिने मिस्त्री पाहायला सांगितलं. जानेवारीअखेर ती निवृत्त होणार होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं. तेव्हा प्रथमच भैयाजी म्हणाला, की उन्हाळ्यात कोणी कुठचे लोक येऊन बसलेत, दारू पितात, अंगावर येतात, तू एकटी जाऊ नको. मी उठवतो. भाताचे रोवणे होऊ दे. मग, धान निघू दे. मग, मंडईचं, दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक होऊन जाऊ दे. मंडई होऊन महिना उलटला, तेव्हा ती कोणाला न सांगता बसने आली. पिशवीत सातबारा होता, मोजणीचा नकाशा होता, आणि अर्जात लिहायला लोकांची नावं टिपून घ्यावीत म्हणून एक वही.

"कोनाकडे आल्या जी?"

तिने वळून पाहिलं. साठीच्या आसपासची एक बाई सुपात तांदूळ घेऊन दारात उभी होती. भागीरथाने बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं, ही जागा माझी आहे, तुम्ही इथे कोणाच्या परवानगीने राहता. ते वाक्य तिने बोलायच्या आधी, रीतीप्रमाणे, स्वतःचं नाव सांगितलं.

त्या बाईने सूप खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर नीट केला. "भैयाजीभाऊच्या बाई? दवाखान्यातल्या?"

भागीरथाने मान हलवली. ती बाई वाकली आणि तिच्या पायांना हात लावला. भागीरथा मागे सरकली, पण भिंत होती. मग खाट आली, खाटेवर धुतलेली चादर आली, शेजारच्या घरातून कपबशी आली. बाईचं नाव धुरपता. मिल चालू होती तेव्हा ती याच आवारात पायांनी धान पसरायची. मिलच्या मजुरांची घरं तेव्हा नाल्याकाठी होती आणि दर पावसाळ्यात पाणी चुलीपर्यंत यायचं. मिल बंद पडल्यावरही ते तिथेच राहिले, दुसरीकडे जायला जागा नव्हती.

"मग इथी कोनं आनलं तुमाले?" भागीरथाने विचारलं. बोलताना आपण घरचं बोलतोय हे तिच्या लक्षात आलं.

धुरपता तिच्याकडे बघत राहिली. थट्टा असेल असं तिला वाटलं असावं. "तुमीच तं देल्ली जी जागा."

आणि तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वीच्या मंडईत नाटकाचा पडदा उघडायच्या आधी पाहुण्यांचे सत्कार चालले होते. भैयाजीभाऊंनी माइक हातात घेतला. "म्हने माझ्या बाईनं लग्न नाई केलं, तिच्या मांगं-पुढं कोनी नाई. तिले कायले पाहिजे जागा? तिनं मिलच्या मजुरायले देऊन टाकली. लय टाळ्या वाजल्या जी. तुमची शाल-नारळ भाऊनंच घेतली, तुमची ड्युटी होती म्हने." दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. अकरा घरांचं सामान त्यांनी उचलून आणलं. घरपट्टीच्या पावत्या झाल्या, विजेचे मीटर लागले, मतदार यादीत नावं लागली. त्याच्या आधी भाऊ ग्रामपंचायतीला चार मतांनी पडले होते. मग नाही पडले.

"आमचा बुढा झिंगू तं म्हने, बाईचा फोटो लावू घरात. मी म्हटलं, पागल झाला का तू, जित्या मानसाच्या फोटोले हार घालतेत का?" धुरपता हसली, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या दोघीतिघीही हसल्या. एकीने विचारलं, बाई, तुमी कधी येऊन राह्यल्या इथी राहाले? आमच्यात एक घर तुमचंबी होऊन जाईल, भिंत आमी घालून देऊ.

भागीरथाने चहा प्यायला. शेळीच्या दुधाचा होता, गोड फार होता. तिच्या मनात आलं, की मांगं-पुढं कोनी नाई हे वाक्य पाचशे माणसांनी ऐकलं, आणि सहा वर्षांत आपल्या कानावर आलं नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांना वाटलं असणार हिला ठाऊकच आहे. खोटं टिकायला याहून चांगली जागा नसते. तिने वही काढली नाही. नकाशाही काढला नाही. निघताना धुरपताने पिशवीत पायलीभर तांदूळ ओतला, नको म्हणाली तरी ओतला.

भावाचं घर पाऊण किलोमीटरवर होतं. घर वडिलांचं, धानाचं शेत, म्हणजे बांधीही त्यांचीच, दोन्ही अजूनही दोघांच्या नावावर. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गेली चार वर्षं भैयाजी हक्कसोडपत्राचा कागद घेऊन तिच्या मागे होता. गावात बहिणी सही करतात. साडी घेतात, जेवतात, आणि माहेर शाबूत राहतं. भागीरथाच्या ओळखीच्या सगळ्या बायकांनी केली होती. तिनेच का केली नाही, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एका भाऊबीजेला तिने पेन उघडलंसुद्धा होतं. पण वाचताना दिसलं की बांधीचा गट क्रमांक एका आकड्याने चुकलाय. दुरुस्त करून आण, म्हणाली. पुढच्या वर्षी तिची गाडी चुकली. तिसऱ्या वर्षी चष्मा विसरला, खरोखरच विसरला होता. ती दर वेळी पुढच्या खेपेला म्हणायची आणि भैयाजी दर वेळी बरं म्हणायचा.

तो ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. तिला पाहून उठला, पिशवी हातातून घेतली. "कुठून येऊन राह्यली बाई भरदुपारची? फोन तरी करायचा, स्टँडवर घ्याले आलो असतो."

"मिलच्या मांगून."

त्याने पिशवी खुर्चीवर ठेवली. तांदळाच्या वजनाने ती कलंडली, त्याने पुन्हा सरळ केली.

"मी सांगतलं होतं तुले, जाऊ नको म्हनून."

"च्या पाजला त्यायनं."

आतून त्याची बायको दुर्गा पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती उंबऱ्याशीच थांबली.

भैयाजी ओरडला नाही, नाकारलंही नाही. तो समजावत राहिला, लहानपणी चूक झाली की करायचा तसा, तिच्या बाजूला बसून, तिच्या गुडघ्याकडे बघत. वाईट कोणाचं केलं का त्याने? अकरा घरं पाण्यातून काढली. गावात तिचं नाव किती झालं, लोक देवीसारखं मानतात. आणि ती तेव्हा आरमोरीला, जागा नुसती गवतात पडलेली.

"मले विचारलं होतं तू?"

"विचारलं असतं तं तू हो म्हटली असती?"

तिला माहीत नव्हतं. कदाचित म्हटलीही असती. आता ते कधीच कळणार नव्हतं, आणि तिला सगळ्यात जास्त तेच लागलं.

"तू रिटायर होऊन जाशीन कुठी?" तो म्हणाला. "मी आहो ना. मांगची खोली साफ करून देतो तुले, दुर्गा दोन टाइम वाढून देईल. एकट्या जिवाले कितीक जागा लागते, बाई?"

दुर्गाने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

सगळं ठरलं असं त्याने धरलं असावं. तो उठला, देव्हाऱ्याखालच्या फळीवरून प्लास्टिकची फाइल घेऊन आला. हक्कसोडपत्र. गट क्रमांक नीट करून आणलाय, म्हणाला. मग आवाज उतरवून बोलला. तिला जागा मोकळीच पाहिजे असेल तर तेही होऊन जाईल. यंदा निवडणूक नाही. त्या लोकांकडे कागद कोणता आहे? एक पावती. वकील पाहून ठेवलाय, नोटीस काढू, होळीच्या आत उठवू. "तू इथी सही करून टाक, मी तिथी मोकळं करून देतो. दोघायचंबी काम होते."

धुरपताने सरळ केलेला डोक्यावरचा पदर भागीरथाला आठवला. याने त्यांनाही विकायला काढलं होतं, आणि आवाज तोच, काळजीचा.

तिने कागद घेतला. चष्मा नाकावर ठेवला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. नावं, वय, गाव. राजीखुशीने. कोणाच्याही दबावाशिवाय. गट क्रमांक या वेळी बरोबर होता. सहीच्या जागी तिचं नाव आधीच टाइप केलं होतं, भागीरथा, पुढे वडिलांचं नाव, आणि त्यावर पेन्सिलने बारीक फुली. भैयाजीने खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. बाहेरून लाउडस्पीकर लावलेली नाटक कंपनीची जीप शेजारच्या गावातल्या रात्रीच्या प्रयोगाची जाहिरात करत गेली. ती जाईपर्यंत दोघं थांबली.

भागीरथाने कागद घडीवरच घडी घालून त्याच्या फाइलमध्ये परत ठेवला.

"मी सही करत नाई, भैया," ती म्हणाली. "बाबाच्या घरात न् बांधीत अर्धी वाटणी माझी आहे, ते मले पाहिजे. फेब्रुवारीच्या एक तारखेले मी सामान घेऊन येईन, मांगच्या खोलीत नाई, समोरच्या. न् त्या अकरा घरायचं काय करायचं ते मी त्यायच्याशी बोलीन. तू मधात येऊ नको."