विमलबाईंचा बंब

मोशीच्या जुन्या गावठाणात थंडीचा दिवस उजाडायचा तो बंबांच्या धुरानं. दारोदारी न्हाणीचं पाणी तापायचं, आणि तो धूर वर जायचं नावच घ्यायचा नाही. घोंगडीसारखा आळीच्या अंगावर पडून राहायचा. त्यातला सगळ्यात लखलखीत तांब्याचा बंब विमलबाईंचा. त्यांचा मुलगा शेखर टेम्पोनं कंपन्यांचं भंगार वाहायचा. त्यातल्या प्लायच्या फळ्या, थर्माकोलचे तुकडे अंगणात येऊन पडत. फुकटचं जळण, काडी लावली की भडकायचं.

त्याच अंगणातल्या भाड्याच्या खोलीत दीक्षा राहायची. नवरा नागसेन आणि चिमुरडी अपेक्षा. दीक्षा चाकणच्या कंपनीत, नागसेनला बहुतेक रात्रपाळी. पहिल्या शिफ्टची बस गाठायला दीक्षा अंधारात निघायची, आणि मागं विमलबाई पोरीला उठवायच्या. बंबाजवळच्या दगडावर बसवून न्हाऊ घालता घालता गायच्या,

*न्हाऊ घालिते लेकीला, ऊन पाण्याचा गडवा*
*हिच्या हसण्याचा बाई, माझ्या दारात पाडवा*

सुट्टीच्या दिवशी हे कानावर पडलं की दीक्षाला भरून यायचं. सख्खी आई असती तरी आणखी काय करती?

पण दिवाळीपासून अपेक्षाची छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि विचारलं, "घरात चूल आहे? धूर होतो?"

"नाही हो, आमच्याकडं गॅस आहे," दीक्षा म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

मग विमलबाई माण गावी लेकीकडं बारशाला गेल्या आणि तिथंच रमल्या. बंब थंड पडला. दीक्षा रजा टाकून घरी राहिली, गॅसवर पाणी तापवू लागली, आणि पोर रात्रभर गाढ झोपू लागली. पंप लागेचना. विमलबाई परतल्या, बंब पेटला, आणि छाती पुन्हा वाजली.

आता कळलं, पण जीभ उचलेना. ज्या हातांनी पोर सांभाळली, त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

"खोली बदलू," नागसेन म्हणाला. "वाईटपणा नको."

"आणि तिला कोण बघणार?"

तरी नागसेननं खोलीची चौकशी सुरू केली.

रविवारी दीक्षा अंगणात गेली. "मावशी, आम्ही दुसरीकडं खोली बघतोय."

विमलबाईंच्या हातात प्लायची फळी होती, ती तशीच राहिली. "का गं? मी कंदी वाकडं बोलली का? पोरीला न्यायचं तर माझा जीवच ने की!"

दीक्षाला रडूच फुटलं. "तुम्ही माणला होतात ना, तेव्हा तिला पंप लागला नाही, मावशी. हा धूर... तिला सोसत नाही."

विमलबाईंनी बंबाकडं पाहिलं, मग दारात खोकत उभ्या असलेल्या पोरीकडं.

"आन् हे आदी सांगाया काय झालं व्हतं? मी काय वाघीण हाय?"

"तुमचे एवढे उपकार, कसं बोलणार..."

"उपकार ग्येले खड्ड्यात! पोर घुसमटतीया, आन् तू उपकार मोजत बसलीस?" आणि त्यांनी भरली बादली बंबाच्या पेटत्या नळीत उपडी केली. फस्सकन् राख उडाली ती नेमकी बाहेर आलेल्या शेखरच्या पांढऱ्या शर्टावर.

"आई! पाण्याचा सोलर बसवू म्हणून मी घसा कोरडा केला, तेव्हा न्हाई ऐकलंस!"

"तू म्हणत व्हतास नव्या बिल्डिंगींच्या गच्चीवर हाय म्हून. पोरीसाटी म्हणाला असतास, तर त्याच दिशी बसवला असता."

सोलर बसला. शेखर भंगारातली लाकडं थेट खरेदीवाल्याकडं उतरवू लागला. तरी भिंतीपलीकडून शेजारच्या गोजाबाईंच्या बंबाचा धूर यायचाच. विमलबाई पदर खोचून त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"गोजाबाई, ऊन पाणी माझ्याकडनं ने. बंब पेटवायचा न्हाई."

"व्वा गं! माझ्या सासूचा बंब हाय त्यो!"

"मंग जप की. मोगरा लाव त्यात."

गोजाबाई चार दिवस फुगल्या, पाचव्या दिवशी कळशी घेऊन आल्या. आळीच्या टोकाचे दोन बंब अजून धुमसतात, आणि विमलबाई अजून त्यांच्या दारी जातात.

एका पहाटे दीक्षानं निजलेल्या अपेक्षाच्या छातीवर हात ठेवला. आत नुसती संथ वर-खाली, आवाज नाही. ती बाहेर आली आणि सडा घालणाऱ्या विमलबाईंच्या पायाशी वाकली.

"अगं, हे काय? बस चुकंल. पळ!"

दीक्षा पळाली. डोळे पुसत, गार हवा छातीभर घेत पळाली.