ओहायोला गेलेली ढोलकी

मी ढोलकी. एका अमेरिकन रॉक बँडचा जन्म मी जवळून पाहिलाय. आत्ता मात्र बोलतेय ती छत्रपती संभाजीनगरातल्या एका साध्या घरातून, खुंटीला टांगलेली.

माझे मालक सखाराम. शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी. जयंतीला भीमगीतं रंगात आली की ते एक खास ठेका धरायचे. दोन बोल पुढे पळायचे, तिसरा मुद्दाम मागे रेंगाळायचा. तो ठेका त्यांनी स्वतः बसवलेला. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे.

त्यांचा मुलगा सम्यक शिकायला अमेरिकेत, ओहायोला निघाला, तेव्हा त्यांनी मला चादरीत गुंडाळून त्याच्या हाती दिलं. "घरची सय आली की वाजव. ठेका तर येतोच तुला," म्हणाले.

तिथे केविन नावाच्या मित्राच्या गॅरेजमध्ये तिघं जमायची. केविनची गिटार, मेगनचा गळा, सम्यक बेस गिटारवर. ड्रमर काही मिळेना. एका रविवारी सम्यकने मला मांडीवर घेतलं आणि बापाचा ठेका धरला. केविनचा हात तारांवरच थांबला. "पुन्हा वाजव!" मेगन ओरडली. त्याच दुपारी बँड खरा जमला. नाव ठेवलं 'ग्रॅव्हल पोर्च'.

आधी कॉलेजचे हॉल, मग बार, मग गाडीत सामान भरून शहरोशहरी कार्यक्रम. अनोळखी माणसं माझ्या तालावर उड्या मारायची. मला वाटायचं, सखारामांनी हे बघायला हवं होतं.

पण गर्दीच्या दमट हवेत माझं कातडं सैल पडायचं. सम्यक मला ताणायला कड्या ठोकत बसायचा आणि केविन वैतागायचा. शेवटी त्यांनी स्टुडिओत माझा एकेक बोल रेकॉर्ड करून घेतला. मला तो मान वाटला. पुढच्या कार्यक्रमात सम्यकने नुसतं बटण दाबलं, आणि स्टेजमागच्या पेटीत पडून मी माझाच आवाज ऐकला. त्या ठेक्यावरच्या गाण्याने बँड सगळीकडे पोचला.

सम्यक सुट्टीवर घरी आला, तेव्हा मला घेऊन आला. "पोरानं किती जपून आणली बघ," सखाराम लेकीला, करुणाला म्हणाले. तिथे माझी अडगळ होत होती, हे त्यांना कोण सांगणार?

तो परत गेल्यावर करुणाने मोबाइलवर त्याची मुलाखत लावली. सखाराम कौतुकाने पुढे सरकले.

"काय इचारलं गं त्याला?"

"हा ठेका कुठून आला म्हणून."

"मग?"

करुणाने मुलाखत थांबवली. मग हळूच म्हणाली, "दादा म्हणतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करत होतो, तेव्हा सुचला."

सखारामांनी लगेच फोन लावायला सांगितला. "सम्यक, माझं नाव नको घेऊ. पण 'माझा बाप वाजवत व्हता' एवढं म्हणायला काय जड गेलं रे?"

"बाबा, त्या लोकांना ते सगळं कुठं समजावत बसू?"

"बरं," म्हणून त्यांनी फोन करुणाकडे दिला.

यंदाच्या जयंतीला त्यांनी पुन्हा तो ठेका धरला. गाणं संपल्यावर पुढे बसलेला प्रणय नावाचा तरुण हसत उठला. "काका, हे तर त्या अमेरिकन बँडचं हाय! लई भारी कॉपी मारली!"

लोक हसले. सखारामांनी हात माझ्यावर टेकवला. मी वाट बघत राहिले, आता सांगतील, आता सांगतील.

"व्हय, त्या पोरांचंच ऐकून शिकलो," ते म्हणाले.

खरं बोलले असते, तर भर मंडपात त्यांचा सम्यक खोटा ठरला असता. त्या दिवसापासून त्यांनी मला खुंटीवरून खाली काढलेलं नाही.

ते बाप आहेत, त्यांनी गिळलं. मला कुणाची अब्रू राखायची नाही. 'ग्रॅव्हल पोर्च'चं ते गाणं तुमच्या कानावर पडेल तेव्हा जवळच्या माणसाला एवढं सांगाल का? हा ठेका सखारामांचा आहे.