दोन अळणी जीव

निवृत्त मोजणीदारांचं मीठ आणि माशाचं मीठ एकाच आठवड्यात बंद झालं. त्यांचं रक्तदाबापायी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. माशाचं अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांपायी, सूनबाईंच्या हुकमावरून. सूनबाई रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला, त्यामुळे घरातल्या कुठल्याही जिवाला आकड्याशिवाय जगायची मुभा नव्हती.

"समुद्रातल्या माशाला अळणी पाण्यात ठेवायचं?"

"मासा तग धरतो, बाबा. ठिपक्यांचे किडे मरतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असतं, हे बाराच्या वर जाऊ द्यायचं नाही. ठिपके गेल्यावरही तीस दिवस."

नारिंगी माशाची जोडीदारीण त्याच ठिपक्यांनी गेली होती. प्रवाळ आणि कोळंबीला अळणी सोसत नाही, म्हणून ती मोठ्या टाकीत. हा एकटा वीस लिटरच्या छोट्या टाकीत. मोजणीदार पेपर घेऊन बसले की काचेशी येऊन उभा राहायचा. ते त्याला अग्रलेख वाचून दाखवत. घरात दुसरं कोणी ऐकत नसे.

ठिपके गेले. तिसाची मोजणी सुरू झाली. आणि पाचव्या दिवशी, उकडलेला भोपळा गिळताना, मोजणीदारांची नजर टाकीकडे गेली. समदुःखी तोंडाची उघडझाप करत होता.

स्वयंपाकघरातलं मीठ कुलपात होतं. टाकीखालच्या माशांच्या मिठाच्या पिशवीचा मात्र कोणी विचार केला नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाचा बांध वीतभर सरकू दिला नाही, त्याने एक मोठा चमचा टाकीत टाकला; आणि माशाला एकट्याने खायचा संकोच नको, म्हणून चिमूटभर आपल्या काकडीवर. मग रोजचंच झालं.

सूनबाई दर चौथ्या दिवशी टाकीच्या पाण्याचा आकडा घेत. सोळा भरला. पाणी उडालं असेल म्हणून त्यांनी गोडं पाणी घालून तो बारावर आणला. चार दिवसांनी पुन्हा सोळा. खारटपणा मोजायचं नळीसारखं यंत्र पुसून पाहिलं, शुद्ध पाण्यावर तपासलं, यंत्र निर्दोष. आणि माशाच्या शेपटीवर तीन पांढरे ठिपके.

फ्रिजवरच्या कागदावर शेजारी शेजारी दोन रेघा होत्या: माशाच्या पाण्याचा खारटपणा, सासऱ्यांचा रक्तदाब. दोन्ही हातात हात घालून वर चढल्या होत्या. सूनबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग पिशवीकडे. मग काकडीकडे.

"बाबा."

मोजणीदारांनी पेपर आणखी वर धरला.

"माशांचं मीठ खाल्लंत?"

"चवीला वाईट नाही." मग पेपर खाली आला. मासा कोपऱ्यात धापा टाकत होता, अग्रलेखालाही आला नव्हता. "तो जाईल का गं?"

"पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केलं तर नाही."

"शिक्षा मला कर. त्याला का?"

"दोघांनाही," म्हणत सूनबाईंनी यंत्र त्यांच्या हातात दिलं.

त्या दिवसापासून मोजणीदार रोज दोनदा नळीला डोळा लावू लागले. पिशवी त्यांनी स्वतःच कुलपात टाकली, किल्ली सुनेकडे. ठिपके गेले, तीस दिवस डाग नाही. मासा काचेशी आला. सूनबाई मीठ कालवलेल्या पाण्याचा मोठा जग घेऊन आल्या.

"एवढं एकदम?" मोजणीदारांनी जग अडवला. "अर्धा पेला. उरलेलं हळूहळू, दहा दिवसांत. बाधेल त्याला."

मग ते आपल्या अळणी काकडीपाशी जाऊन बसले, आणि खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली.