चार ग्रॅम घट

तराजूकाकांनी किसणी नळाखाली धरली होती आणि फोन खांदा नि कान यांच्यात दाबला होता. पलीकडून बायको लेकीच्या घरची हालहवाल सांगत होती. नातवाचं वजन या महिन्यात किती वाढलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती "बरंच" म्हणाली. काकांनी डोळे मिटून घेतले. बरंच हे वजन नव्हे, एवढं तिला चौतीस वर्षांत पटवता आलं नव्हतं.

"आणि या आठवड्यात केक केलेत का?"

"दोन. सकाळीच पोचते केले. वेलाचा पहिला भोपळा काढला."

"आपण बी धरलेलं, त्याचा? फोड चाखून बघितलीत ना आधी?"

"कसली फोड?"

पलीकडे नातू रडत होता तोही क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

"अहो, भोपळा चिरला की एक फोड तोंडात टाकून बघायची! घरचं बी, आणि गेल्या वर्षीपासून शेजारीच तुम्ही ते शोभेचे भोपळे चढवताय कुंपणावर. संकर झाला की कडू निघतो. आणि कडू निघाला तर विष असतं ते. माणसं दवाखान्यात जातात. मी दर वेळी बघायचे की, तुमच्यासमोर!"

काकांनी नळ बंद केला. समोर भिंतीवर खिळ्याला पाककृतींची वही टांगलेली होती. बायकोच्या मूळ वहीत 'चिमूटभर', 'अंदाजे', 'मऊ होईल इतपत' अशी बेजबाबदार भाषा होती. वजनमाप खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर हिवाळाभर बायकोच्या मागे काटा घेऊन उभं राहून ती सगळी वही ग्रॅममध्ये आणली. चिमूट म्हणजे शून्य पूर्णांक चार. भोपळा चिरताना ती एक पातळ फोड तोंडात टाकायची, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी ते लिहून ठेवलं होतं: 'घट – ४ ग्रॅम'. आणि सुधारित आवृत्तीत ती घट काढून टाकली होती.

ओट्यावर भोपळ्याचा देठाकडचा तुकडा उरला होता. त्यांनी तो दातांनी कुरतडला. कडवटपणा जिभेच्या शेंड्यावरून घशापर्यंत सरळ रेषेत गेला आणि तिथं बसून राहिला.

"कडू आहे का?" बायकोनं विचारलं.

"ठीक आहे," काका म्हणाले. आयुष्यात दिलेला पहिला खोटा दाखला.

फोन ठेवल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचा केक त्यांनी कधी चाखला नव्हता, कारण डॉक्टरांनी साखर बंद केली होती. म्हणून तर दर आठवड्याला दोन केक व्हायचे: एक उजव्या अंगाच्या कॅशियरकडे, एक समोरच्या शिंप्याकडे. बाग देईल तसे. टोमॅटो झाले, गाजर झालं, बीट झालं. ऊन मऊ पडू लागलेलं, वेल पिवळे होऊ लागलेले, ओव्हनमधून दालचिनीचा वास खिडकीबाहेर जात असलेला; बायको नसलेल्या घरात सहा आठवडे त्यांनी याच वासावर काढले होते. कॅशियरला दोन मुलं होती. धाकटी पाच वर्षांची.

चपला उलटसुलट घालून ते निघाले.

दार कॅशियरच्या बायकोनं उघडलं.

"या काका! काही विसरलात का?"

रस्त्यात त्यांनी एक सभ्य खोटं तयार केलं होतं. "तो सकाळचा केक... साखर जरा कमी पडली असं हिशेबात आलं. परत द्या, दुसरा आणतो."

"अहो, कमी कसली! संपलासुद्धा."

"संपला?"

"दहा मिनिटांत. पोरांनी नुसता फडशा पाडला. धाकटी तर ताटली चाटत होती."

काकांनी चौकट धरली. "कुठंय ती?"

"झोपलीय."

"झोपलीय म्हणजे... श्वास घेतेय ना?"

कॅशियरची बायको हसली, मग त्यांचा चेहरा बघून हसायची थांबली. सभ्य खोटं आता काही कामाचं उरलं नव्हतं. काकांनी सगळं सांगितलं: कडू भोपळा, विष, दवाखाना. वाक्यं उलटसुलट आली, पण 'विष' तीनदा आलं. ती आत पाहत राहिली, नंतर जमिनीकडे.

"काका, रागावू नका हं."

"अहो, आधी मुलीला उठवा!"

"तिनं नाही खाल्ला. कुणीच नाही खाल्ला." तिनं आवाज खाली आणला. "आम्ही तो शिंप्याकडे देतो."

"देता? म्हणजे दर वेळी?"

"पहिला खाल्ला होता हो आम्ही," ती घाईनं म्हणाली. "टोमॅटोचा. अर्धा."

जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी छातीत बारीकसं काहीतरी टोचलंही. पण टोचण्याकडे बघायला वेळ नव्हता. म्हणजे शिंप्याकडे आता दोन केक होते आणि खाणारी चार तोंडं.

शिंपी मशीनवर वाकून बाही जोडत होता. तोंडात टाचण्या होत्या.

"केक खाल्लात?" काकांनी दारातूनच ओरडून विचारलं.

शिंप्यानं टाचण्या काढल्या. "उत्तम, साहेब! घरात सगळ्यांनी बोटं चोखली. तुमच्या हाताला—"

"खरं सांगा. विषारी आहे तो."

शिंप्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. तीस वर्षं गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की' सांगणारा माणूस होता. खऱ्यावर यायला त्याला जरा वेळ लागला.

"साहेब, आम्ही काही तो खात नाही."

"कॅशियरकडचा?"

"तोही नाही. दोन्ही पोचवतो हेडबाईंकडे. त्यांच्या कोंबड्या आहेत ना." मग काकांचा चेहरा बघून त्यानं भर घातली, "वाया जात नाही, एवढंच म्हणायचं होतं."

हेडबाई म्हणजे काकांच्या डाव्या अंगाची शेजारीण. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, घरात एकट्या. मधलं कुंपण एकच. अकरा वर्षांपूर्वी काकांनी टेप लावून ते कुंपण नऊ इंच आत आल्याचं सिद्ध केलं होतं आणि ते बाईंच्या बाजूला सरकवून घेतलं होतं. तेव्हापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता. काकांचा केक मात्र दर आठवड्याला सगळ्या गल्लीला वळसा घालून त्या कुंपणापलीकडे पोचत होता.

कोंबड्या, काकांनी स्वतःला बजावलं. नुसत्या कोंबड्या.

फाटकातून ते आत शिरले तेव्हा पाचही कोंबड्या अंगणात माती उकरत होत्या. टवटवीत, कामात गर्क. बाई पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि चष्म्यावरून पाहिलं, उशिरा आलेल्या पोराकडे पाहावं तसं.

"बाई, केक कोंबड्यांना घातलात ना?"

"बसा आधी. अकरा वर्षांनी आलात, धापा टाकताय."

"घातलात ना?"

"कोंबड्या तुमचा केक खात नाहीत. पहिल्याच आठवड्यात टाकून बघितला. त्यांनी तोंड फिरवलं." बाईंनी एक शेंग सोलली. "तेव्हापासून मीच खाते."

काका पायरीवर बसले.

"आजचा?"

"दोन काप खाल्ले. अकराच्या सुमारास."

"कडू नाही लागला?"

"लागला की! म्हणून तर दुसरा काप घेतला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तुमच्या केकला काहीतरी चव होती."

काकांनी मग सांगितलं. या वेळी नीट, क्रमानं, काही न लपवता: फोड, घट, सुधारित आवृत्ती. नोकरीत असताना माप मारणाऱ्या दुकानदारांची नावं ते फलकावर लावत. आपलं नाव त्या फलकावर कसं दिसेल, ते त्यांना बोलता बोलता दिसत होतं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी मरणार की कसं?"

"असं काय बोलता!"

"विचारतेय. शेंगा भिजवायच्या की नाही, ते ठरवायला."

काकांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर नव्हते, पण कंपाउंडरनं त्यांना दुसऱ्या नंबरवर विचारून निरोप दिला: तीन तास होऊन गेलेत, उलटी-जुलाब नाहीत, हे चांगलं लक्षण. पाणी भरपूर द्या. पाच वाजेपर्यंत कुणीतरी जवळ बसा. काहीही वाटलं तर लगेच घेऊन या.

"कुणीतरी जवळ बसायला हवं म्हणतात," काका म्हणाले.

"कोंबड्या आहेत."

"मी बसतो."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते समोरासमोर बसले. काकांनी खिशातली छोटी वही काढली, रकाने पाडले: वेळ, नाडी, पाणी, तक्रार. दर पंधरा मिनिटांनी बाईंचं मनगट धरायचं, घड्याळाकडे बघायचं आणि लिहायचं. आकडा एकोणऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर गेला तेव्हा त्यांचे स्वतःचे कान गरम झाले.

"तुम्ही दर वेळी मनगट इतकं आवळता, नाडी पळणार नाही तर काय?" बाई म्हणाल्या.

साडेतीनला बाईंनी एकाएकी पोटावर हात नेला. काका खुर्ची पाडूनच उठले.

"काय होतंय? दुखतंय? रिक्षा आणू?"

"चष्म्याचं घर खिशात आहे. ते काढतेय."

काकांनी खुर्ची सरळ केली. तक्रार या रकान्यात 'नाही' लिहिलं, पण अक्षर वेडंवाकडं आलं.

खिडकीतून कुंपण दिसत होतं, त्यावर चढलेले शोभेचे भोपळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, निर्लज्जपणे सुंदर. बाई तिकडेच बघत होत्या.

"त्या नऊ इंचांत काय लावलंत शेवटी?"

काकांनी आठवून बघितलं. "काही नाही. वेल सोडला वर, एवढंच."

"माझी पुदिन्याची ओळ होती तिथं."

यावर लिहिण्यासारखा रकाना वहीत नव्हता. काकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"आमची ही नाही घरी," ते म्हणाले, कुणी विचारलं नसताना. "दीड महिना झाला. अजून एक महिना राहील."

"माहितीये. ओव्हनचा वास आला की कळतं. ती असताना आठवड्यातून एकदा यायचा. आता रोज दुपारी येतो."

"बाकीचे दिवस नुसताच तापवतो," काका म्हणाले आणि आपण हे मोठ्यानं बोललो, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

बाई उठल्या, ग्लास भरून आणला, स्वतः प्यायल्या, आणि त्यांच्यासमोरही एक ठेवला. चारला नाडी अठ्ठ्याहत्तर. साडेचारला शहात्तर. पावणेपाचला बाईंना भूक लागली; ते लक्षण चांगलं की वाईट, हे कंपाउंडरनं सांगितलं नव्हतं. काकांनी फोन लावून विचारलं. चांगलं, तो म्हणाला, आणि सारखा सारखा फोन करू नका म्हणाला. बाईंनी पाव भाजले, त्यावर लोणी लावलं, एक खाल्ला, मग दुसरा. काका प्रत्येक घास गिळला जाईपर्यंत गळ्याकडे बघत होते.

पाच वाजले. काकांनी आणखी पाच मिनिटं धरली, खबरदारी म्हणून. मग शेवटची नोंद केली, खाली रेघ मारली, सही केली. दुपारपासून अडकलेला श्वास सुटला आणि त्यासोबत डोळ्यांतही पाणी आलं. ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं निभावलं.

"चला. टळलं म्हणायचं," ते उठले. "येतो मी. काही वाटलं तर हाक मारा. ऐकू येईल."

"हो."

ते दारापर्यंत पोचले. बाहेर कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या, एकामागून एक.

"इन्स्पेक्टर."

काका वळले. बाई तिसऱ्या पावाला लोणी लावत होत्या. सुरी न थांबवता, त्यांच्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

"मला जरा मळमळल्यासारखं वाटतंय."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. पावाकडे बघितलं. लोणी कडेपर्यंत नीट पसरलेलं होतं.

"कितपत?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं. सातपर्यंत बघायला हवं, असं वाटतं."

काका परत आले, खुर्ची ओढून बसले. वहीचं नवं पान काढलं, पट्टीशिवायच रकाने पाडले आणि तक्रारीखाली जपून लिहिलं: 'बरीच'.