फाटलेला 'वि'

मित्रांनो, मी यावलच्या वाचनालयातला एक जुना शब्दकोश आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. 'क'ची पाने सर्वांत मळकी, कारण शब्दकोडी सोडवणाऱ्यांना तीच जास्त लागत. मग मोबाइल आले आणि मी खालच्या फळीवर गेलो. पाने निसटू लागली, तेव्हा नजीरचाचांनी माझी नवी बांधणी केली. त्यानंतर मला कोणी उघडलेच नाही.

परवा उघडले, ते बेबाबाईंसाठी.

त्यांचे गाव चाळीस वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेले. घराच्या जागेसाठी केलेला त्यांचा अर्ज परत आला होता. लिहून देणाऱ्याने त्यात 'स्थलांतरित' असे लिहिले होते. शेरा होता : स्वतःहून गाव सोडणाऱ्यांना जागा मिळत नाही. नवा अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस.

"आमी गेलो नाई व माय, आमाले काढलं," त्या ग्रंथपाल मोहिनीला म्हणाल्या. "त्याले काही शब्द असंल ना?"

"विस्थापित. थांबा आजी, अर्थही उतरवून जोडू."

पण 'विस्तृत'नंतर एकदम 'विहार' आला. मधले पानच नव्हते! मला फार शरमल्यासारखे झाले.

पेपर वाचत बसलेले नजीरचाचा तडक उठले. "माझ्या हातून पान हरवत नाही, बेटी." ते मला चाळत गेले आणि 'स्थान'पाशी थांबले. तिथे एक परके पान होते. त्याचा कोपरा पृष्ठक्रमांकासकट फाटलेला. वर उरले होते फक्त 'स्थापन'.

"तोबा! 'वि' आधीच फाटलेला होता. मी 'स्थापन' वाचलं आणि इथे शिवलं."

"म्हंजे तुमीबी त्याले त्याच्या गावातून काढलं, भाऊ!" बेबाबाई हसल्या.

मोहिनीने दोन्ही शब्द वाचून दाखवले. स्थलांतर म्हणजे एका जागेहून दुसरीकडे जाणे. विस्थापन म्हणजे मूळ जागेवरून हलवले जाणे. खाली भौतिकशास्त्रातला अर्थही होता : आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंतचे सरळ अंतर, दिशेसह. कितीही फिरून मूळ जागी परत आले, तर विस्थापन शून्य.

चाचांनी ते पान उसवून 'विस्तृत'नंतर शिवले. "घ्या, याचं झालं शून्य."

"अन् माझं?" बेबाबाईंनी विचारले.

मग मोहिनीने भिंतीवरच्या जुन्या नकाशावर बुडालेल्या गावापासून त्यांच्या आताच्या वस्तीपर्यंत पट्टी धरली. "साडेसात किलोमीटर, आजी. दक्षिणेला."

"लिही मंग. दिशाबी लिही."

दुपारी अर्ज पोहोचला. जागेचा निर्णय अजून यायचा आहे, पण या वेळी पोचपावतीवर 'विस्थापित' असे स्पष्ट लिहिलेले आहे.

मित्रांनो, माझे पान परत जागेवर आले. सगळ्यांचे तसे होत नाही. म्हणून पुस्तकाचा कोपरा फाटला, तर वेळीच चिकटवा. आणि कोणाविषयी लिहिण्याआधी एवढे विचारा : ते गेले, की त्यांना काढले?