नेस्टची ओहोटी

समजा, तुम्हाला नुकतीच नऊ वर्षं पूर्ण झाली आहेत. सकाळची वेळ आहे, न्याहारीच्या टेबलाभोवती घरातली मोठी माणसं बसली आहेत आणि सगळी तुमच्याकडे बघत विचारतायत, "मग, निघायचं किती वाजता?" त्या सकाळी ही पाळी माझ्या नातीवर, नेस्टवर आली होती.

आमचं सुट्टीतलं घर समुद्रापासून दोन शेतं अलीकडे आहे. दर उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये एक दिवस आम्ही समोरच्या बेटावर जातो. होडीने नाही, चालत. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते तेव्हा. नऊ वर्षांचं झालेलं पोर भरती-ओहोटीच्या पुस्तिकेतून वेळ काढतं आणि सगळ्यांच्या पुढे चालतं. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. पण वेळ चुकली, तर पुढे चालायचा मान गेल्या वर्षीच्या पोराकडे परत जातो. गेल्या वर्षीचं पोर म्हणजे माक्सेन, माझ्या मुलीचा, मेरेरिदचा मुलगा.

नेस्ट म्हणाली, "अकराला पूर्ण ओहोटी. त्याच्या एक तास आधी वाळू उघडते. दहाला किनाऱ्यावर!"

मी पुस्तिका आधीच पाहिली होती. चूक मला दिसली. धोक्याची असती, तर तिथेच थांबवलं असतं. ही नुसती पाय भिजवणारी होती. मी पावाला लोणी लावत राहिलो.

दहाला आम्ही किनाऱ्यावर पोचलो. समोर वाळू नव्हतीच. पाणी होतं, मेंढीच्या पाठीइतकं खोल.

"वा! आत्ता पोहत जायचं का गं?" माक्सेन म्हणाला.

"गप रे," मेरेरिद त्याच्यावर ओरडली. मग टोपली खाली ठेवत म्हणाली, "नेस्टबाई, माझे हात लांब झाले हे ओझं धरून. नियम तो नियम. माक्सेन, हो पुढे."

वर्षभर नेस्ट या सकाळची वाट बघत होती.

"आत्या, दहा मिनिटं दे ना," ती म्हणाली. "फक्त दहा."

"दिली. तोवर मी केक खाते."

नेस्टने एक काडी घेतली आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवली. मग उकिडवी बसून तिच्याकडे टक लावून बघत राहिली. माक्सेनने दोनदा जांभई दिली. दहा मिनिटांनी पाणी काडीपासून चार पावलं मागे सरकलं होतं.

"पाणी अजून उतरतंय!" ती उठून ओरडली. "म्हणजे आपण उशिरा नाही, लवकर आलोय! पण पुस्तिकेत तर..." तिने माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "आजोबा! उन्हाळ्यात आपल्या देशात सगळे घड्याळं तासभर पुढे करतात. पुस्तिका छापणारे करतच नाहीत!"

"नाहीत ना," मी म्हटलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मोठ्यांनी मध्ये बोलायचं नसतं, बाळा."

"बाबा, कमाल आहे तुमची!" मेरेरिद हसता हसता ठसकली. "एवढं ओझं उचलायला लावलंत मला!"

माक्सेन मात्र इतक्यात सोडणारा नव्हता. "ते सगळं ठीक. पण परत कधी फिरायचं ते सांग. हे चुकलं ना, तर बेटावरच्या पक्ष्यांबरोबर राहावं लागेल."

आता मीही कान टवकारले. खरी परीक्षा हीच होती.

नेस्टने बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. "पुस्तिकेतले अकरा म्हणजे आपले बारा, तेव्हा पूर्ण ओहोटी. आता अकराला जायचं आणि एकच्या आत इकडे परत. केक उरला असला तरी!"

"बरोबर आहे," माक्सेन पुटपुटला. "मी गेल्या वर्षी आईला विचारलं होतं."

"अरे, ते सांगायचं नव्हतं ना!" मेरेरिदने त्याचा कान धरला.

अकराच्या सुमारास पाण्यातून वाळूची लांबट, ओली पाठ वर आली. मधे एका पट्ट्यात घोटाभर पाणी अजून वाहत होतं.

"कोण जातंय पुढे?" मेरेरिदने टोपली उचलत विचारलं. माक्सेनने नेस्टकडे बोट दाखवलं.

नेस्टने बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून ते गळ्यात अडकवले आणि "अगं आई गं, थंड!" असं किंचाळत ती सगळ्यांच्या आधी त्या पाण्यात उतरली.